शंखातल्या खेकड्याच्या टाकीला दिवा कुठला लावायचा?



मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या घरांत दरवर्षी एक गोष्ट ठरलेली असते. पोरं सकाळी किनाऱ्यावर जातात, ओहोटीच्या उथळ पाण्यात एखादा शंख चालताना दिसतो, तो उचलून घरी आणतात. बरणीत मूठभर वाळू, वर नळाचं पाणी आणि भाताची चार शितं. रात्री कुणीतरी म्हणतं, "त्याला थंडी वाजत असेल," म्हणून अभ्यासाचा दिवा वाकवून बरणीवर ठेवतात. दोन दिवसांनी बरणीला वास सुटतो. पोर रडतं, आई बरणी धुऊन ठेवते आणि पुढच्या मे महिन्यात परत तेच.

यंदा मात्र जरा वेगळा प्रश्न आला. आपल्याच एका बोटमालकाच्या मुलीला मामाने दुकानातून शंखात राहणारा खेकडा आणून दिला. हर्मिट क्रॅब म्हणतात तो. सोबत काचेची छोटी टाकी आणि टाकीवर लावायला लाल रंगाचा गरम बल्ब. दुकानवाल्याने सांगितलं, बल्ब दिवसरात्र चालू ठेवा. आठवड्याभरात खेकडा वाळूत शिरला तो वर आलाच नाही. तिच्या वडिलांनी विचारलं, "मेला का? उकरून बघू? की बल्ब आणखी मोठा लावू?"

आम्ही सांगितलं, उकरू नका आणि तो बल्ब आधी काढा. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. पण हा प्रश्न बऱ्याच घरांतला आहे, म्हणून नीट लिहून काढलं.

आधी थोडक्यात उत्तर

जमिनीवर राहणाऱ्या शंखखेकड्याला साधा, थंड, पांढरा एलईडी दिवा पुरतो. पाच ते दहा वॉट खूप झाले. दिवसा १२ तास चालू, रात्री १२ तास बंद. रात्री लाल नको, निळा नको, झिरोचा बल्ब पण नको. टाकीला ऊब द्यायची असेल तर ती वरच्या बल्बातून द्यायची नाही, त्याला वेगळा उपाय आहे.

दिव्याचं काम एकच, दिवस आणि रात्र वेगळी करून दाखवणं. हे का, ते पुढे वाचा, कारण "का" कळलं नाही तर दुकानात गेल्यावर परत भलताच बल्ब हातात पडतो.

खेकडा कुठला? दर्यातला की जमिनीवरचा?

दिव्याआधी हे ठरवायला हवं. सगळे शंखखेकडे दिसायला सारखे. पुढे नांग्या, मागे मऊ, वाकडं पोट आणि ते पोट झाकायला दुसऱ्या कुणाचा तरी रिकामा शंख. पण त्यात दोन जाती वेगळ्या ओळखायच्या.

पहिला दर्यातला. आपल्या रापणीत, जाळ्यात, खडकांच्या डबक्यांत, ओहोटीच्या ओल्या वाळूत सापडतो तो हा. त्याचे कल्ले पाण्यातच चालतात आणि पाणी खारंच लागतं. नळाच्या पाण्यात टाकला तर तो काही तासांत गळतो, कोरड्या वाळूवर ठेवला तर कल्ले सुकून मरतो. त्याच्यासाठी "कुठला दिवा" हा प्रश्नच नाही. पोराला तासभर बघू दे, दर्याच्याच पाण्याच्या बालदीत, सावलीत. मग जिथून उचलला तिथेच, पाण्याच्या काठाला, त्याच दिवशी नेऊन सोडा.

दुसरा जमिनीवरचा. शास्त्रात याला सीनोबिटा म्हणतात. नारळ फोडणारा तो प्रचंड नारळखेकडा याच्याच कुळातला. हा भरतीच्या रेषेच्या वर, झाडाझुडपांत, कोरड्या वाळूत राहतो आणि मुख्यतः रात्री फिरतो. पाण्यात बुडवून ठेवला तर गुदमरून मरतो. मादी अंडी सोडायला मात्र दर्याच्या काठाला येते, पिल्लं पाण्यातच वाढतात आणि मग शंख घेऊन जमिनीवर चढतात. दुकानात जो पाळायला मिळतो तो बहुधा हा. अमेरिकेत किनाऱ्यावरच्या दुकानांत जो सर्रास विकला जातो तो कॅरिबियन बेटांकडचा जांभळ्या नांगीचा, आणि पाळण्याविषयीचा बराचसा अनुभव त्याच्यावरूनच आलेला आहे.

ओळखायची सोपी खूण म्हणजे घाबरला की हा आत शिरतो आणि डाव्या मोठ्या नांगीने शंखाचं तोंड दार लावल्यासारखं बंद करतो. इथून पुढे जे लिहिलंय ते याच्याबद्दल.

बल्ब त्याला का मारतो?

जमिनीवर राहतो म्हणून याला फुप्फुसं आहेत असं नाही. श्वास अजून कल्ल्यांनीच घेतो. फक्त ते कल्ले हवेतल्या ओलाव्यावर चालायला शिकलेत. शंखाच्या आत तो थोडं पाणी साठवून फिरतो, कल्ले ओले ठेवायला. हवेतला ओलावा साधारण ७५ ते ८५ टक्के असला की त्याचं बरं चालतं. तो खाली गेला की श्वास अवघड होत जातो. खेकडा लगेच मरत नाही. सुस्त होतो, खात नाही, शंखाबाहेर लोंबतो आणि काही आठवड्यांनी जातो. घरच्यांना वाटतं, आयुष्य तेवढंच होतं. खरं म्हणजे नीट ठेवला तर हा प्राणी वर्षानुवर्षं जगतो, ३० वर्षं जगल्याचंही सांगतात.

आता जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब घ्या. तो जेवढी वीज खातो त्यातली जेमतेम पाच-दहा टक्के उजेड होते, बाकी सगळी उष्णता. म्हणजे तो दिवा कमी आणि शेगडी जास्त. दुकानातला "हीट बल्ब" तर मुद्दाम शेगडी म्हणूनच बनवलेला. तो सरडे, कासवं पाळणाऱ्यांसाठी आहे, ज्यांना उन्हात अंग शेकायची सवय असते. टाकीवर जाळीचं झाकण आणि त्याच्यावर हा बल्ब, म्हणजे आपण बांगडे सुकवायला जे करतो तेच. वरून ताप, बाजूने हवा, ओलावा पळाला.

दुसरं, वरची वाळू सुकते. हा खेकडा वाळूत भुयार करून बसतो. वाळू ओली असली तर भुयार टिकतं, सुकली तर ढासळतं. आत जो बसलाय त्याच्या अंगावर.

मग उजेड हवाच कशाला?

काहीजण म्हणतात, रात्री फिरणारा प्राणी, त्याला दिवा कशाला, टाकी कोपऱ्यात ठेवून द्या. तेही बरोबर नाही.

तुम्ही रात्री दर्यावर असता तेव्हा बघितलंय, दिवा लागला की मासळीचं वागणं कसं बदलतं. बांगडा, माणकी उजेडाकडे खेचली जातात. एवढी, की २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने एलईडी लावून मासेमारी करायला बंदी घातली. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर कासवाची पिल्लं बाहेर पडायच्या वेळी दिवे का घालवतात, तेही आपल्याला ठाऊक. पिल्लं जिकडे उजेड तिकडे चालतात, आणि दर्याऐवजी रस्त्याकडे गेली तर संपली. दर्याच्या जिवांसाठी उजेड म्हणजे नुसतं दिसणं नाही. कधी बाहेर पडायचं, कधी लपायचं, कधी खायचं, हे त्यावर ठरतं.

शंखखेकड्याचंही तसंच. दिवसा तो पानांखाली, मुळांत, वाळूत दडून बसतो. अंधार पडला, हवा जरा ओली झाली की बाहेर पडतो, खातो, पाणी भरतो, शंख बदलतो. सतत अंधार असला तर त्याला रात्र सुरू झाल्याचं कळत नाही. सतत उजेड असला तर तो रात्र होईल म्हणून लपूनच राहतो, उपाशी. दोन्हीत नुकसान. गोव्यात दिवस आणि रात्र वर्षभर साधारण ११ ते १३ तासांच्या आत-बाहेर असतात, म्हणून १२-१२ चा हिशेब सोपा आणि बरोबर.

खिडकीतून भरपूर उजेड येणारी खोली असेल, आणि रात्री तिथे खरंच काळोख होत असेल, तर वेगळ्या दिव्याशिवायही भागतं. पण टाकीवर थेट ऊन पडता कामा नये. बंद गाडी उन्हात ठेवल्यावर आत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. काचेची टाकी तशीच तापते. अर्धा तास पुरे होतो.

दुकानात दिसणारे दिवे, एकेक करून

साधा पांढरा एलईडी. हाच घ्या. घरच्या ६० वॉटच्या जुन्या बल्बएवढा उजेड सात ते नऊ वॉटच्या एलईडीत मिळतो आणि तो फारसा तापत नाही. दोन फुटी टाकीला पट्टीचा एलईडी उत्तम. डब्यावर "कूल डेलाइट", ६५०० केल्व्हिन लिहिलेलं असो की पिवळसर "वॉर्म", खेकड्याला दोन्ही चालतात. झाडांच्या टाकीसाठी जे महागडे, झगझगीत दिवे मिळतात त्यांची गरज नाही. खेकडा काही उजेडावर वाढत नाही.

जुनी ट्यूबलाइट किंवा सीएफएल. घरात आहे तर चालेल, थोडी तापते म्हणून काचेपासून वितभर वर ठेवा. नवी मुद्दाम घेऊ नका.

तारेचा बल्ब, हॅलोजन, हीट बल्ब. नको. बोटीवरचा जुना फोकस तर अजिबात नको.

लाल बल्ब. "लाल उजेड प्राण्यांना दिसत नाही" म्हणून विकतात. खेकड्यांच्या डोळ्यांना निळा-हिरवा उजेड जास्त जाणवतो आणि गडद लाल फार कमी, हे खरं. पण दुकानातला लाल बल्ब म्हणजे बहुतेक वेळा तारेच्या बल्बला लाल काच. त्यातून लालशिवायही उजेड येतो आणि ताप तर येतोच. रात्री खेकडा काय करतो ते बघायचं असेल तर विजेरीला लाल कागद बांधा, दोन-पाच मिनिटं बघा, बंद करा.

निळा "चांदण्याचा" दिवा. हा सगळ्यात फसवा. आपल्याला निळा मंद वाटतो, पण खेकड्याला तोच जास्त जाणवतो. रात्रभर निळा दिवा म्हणजे त्याच्यासाठी रात्र झालीच नाही.

झिरोचा बल्ब. नावाला झिरो, जुना असेल तर १५ वॉटच्या आसपास वीज खातो. पौर्णिमेचं टिपूर चांदणं मोजलं तर पाव लक्सच्या आसपास भरतं, आणि आपल्या बैठकीच्या खोलीत दिवा लागला की शंभर-दीडशे लक्स. झिरोचा बल्ब टाकीजवळ असेल तर चांदण्याच्या कितीतरी पट उजेड पडतो. घरात म्हाताऱ्या माणसांसाठी रात्री दिवा ठेवावा लागत असेल तर ठेवा, टाकीवर जाड काळं कापड टाका, बाजूला हवेला जरा फट सोडून.

अतिनील किरणांचा दिवा. यूव्हीबी म्हणून मिळतो, सरडे-कासवांसाठी. खेकड्याला तो द्यावा की नाही यावर पाळणाऱ्यांत दोन मतं आहेत. जे लावतात ते सौम्य, ५.० लिहिलेली नळी लावतात, दिवसा, आणि खेकड्याला सावलीत जायला जागा ठेवून. हा घ्यायचाच झाला तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. साध्या काचेतून हे किरण आत जात नाहीत, म्हणजे काचेच्या झाकणावर ठेवला तर पैसे वाया. नळी दिसायला पेटलेली असली तरी तिचे किरण वर्षभरात उतरतात, बदलावी लागते. आणि त्यासाठी झाकण जाळीचं केलं तर ओलावा पळतो, म्हणजे मूळ दुखणं परत आलं. पहिल्यांदा पाळणाऱ्याने या भानगडीत पडू नये. कवचासाठी लागणारं कॅल्शियम आपल्याकडे फुकट आहे. माकुलीचं पांढरं हाड, ज्याला समुद्रफेस म्हणतात, ते स्वच्छ धुवून टाकीत ठेवा. खेकडा कुरतडून खातो.

दिवा लावायचा कसा?

झाकण काचेचं किंवा जाड पारदर्शक प्लास्टिकचं ठेवा, जवळजवळ पूर्ण बंद. दिवा झाकणाच्या वर, बाहेर. आत लावायचा नाही. आत कायम दमट, त्यात एक वाटी खाऱ्या पाण्याची. खारी हवा वायरचं काय करते ते बोटवाल्यांना सांगायला नको. दोन पावसाळ्यांत जोडाला हिरवा गंज चढतो.

दिवा टाकीच्या एका टोकाला ठेवा, मध्यभागी नको. म्हणजे एक बाजू उजळ, दुसरी सावलीची. खेकडा स्वतः जागा निवडतो. सावलीच्या बाजूला नारळाच्या करवंट्या पालथ्या घाला, एका बाजूला दार ठेवून. यापेक्षा चांगलं घर कुठल्याच दुकानात मिळत नाही.

बोटीच्या कामातून १२ व्होल्टची एलईडी पट्टी उरली असेल तर ती छान चालते. चांगला १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर घ्या, पट्टी झाकणावर बाहेरून चिकटवा. वायर भिंतीतल्या प्लगकडे जाताना आधी खाली लोंबून मग वर जाऊ दे. पाणी ओघळलं तर त्या वळणावरून खाली टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही. प्लग टाकीच्या खाली नको. टाकीला हात घालण्याआधी पोरांना बटण बंद करायची सवय लावा.

रोज बटण दाबायचं विसरायला होतं. काही शे रुपयांत टायमरचा प्लग मिळतो. सकाळी सात, संध्याकाळी सात लावून टाका. वीज गेली तर काळजी नको, एखाद्या दिवशी अंधार जास्त झाला तर काही बिघडत नाही. वीज परत आली की घड्याळ्याच्या टायमरची वेळ तेवढी बघा, तो मागे पडलेला असतो.

आणि दिव्याआधी एक वस्तू घ्या, तापमान आणि हवेतला ओलावा दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र. ते आत ठेवा. दिवा लावल्यावर चार तासांनी आकडा बघा. ओलावा ७५ च्या खाली घसरत असेल तर दिवा जास्त तापतोय किंवा झाकणाला फट आहे. अंदाजावर चालू नका.

ऊब लागली तर?

याला २४ ते २९ अंश मानवतं. २० च्या खाली गेलं की हा सुस्त होतो. गोव्यात किनाऱ्यावर हा प्रश्न जवळजवळ नाहीच. आपली हवा त्याची हवा आहे, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री टाकी भिंतीच्या आत, वाऱ्यापासून दूर ठेवली की झालं.

पण आपली माणसं सगळीकडे आहेत. कुणाची मुलगी बेळगावला दिलेली, कुणाचा भाऊ वडोदऱ्याला, कुणाची आत्या इंदूरला किंवा ग्वाल्हेरला. तिकडे गोष्ट वेगळी. ग्वाल्हेरला जानेवारीत रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जातं, इंदूरला त्याच्या आसपास. बेळगावची थंडीही आपल्यासारखी नाही. तिथे ऊब द्यावीच लागते. त्यासाठी हीट पॅड म्हणून चपटी गादी मिळते. ती टाकीच्या मागच्या काचेला बाहेरून, वाळूच्या पातळीच्या वर चिकटवायची. टाकीखाली ठेवायची नाही, कारण खेकडा खाली भुयारात असतो, तो खालून भाजेल. सोबत तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅट हवाच. या गादीला उजेड नाही, त्यामुळे रात्री चालू राहिली तरी रात्र रात्रच राहते. बल्ब आणि गादी यांतला मोठा फरक हाच.

उन्हाळ्यात उलट. ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबादला एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी गाठतो आणि हवा कोरडी ठणठणीत. तिथे टाकी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत न्या, झाकण घट्ट ठेवा, वाळू ओली आहे का रोज बघा. दिवा एलईडीच असेल तर तो बंद करायची गरज पडत नाही.

वाळूत गेला म्हणजे मेला नव्हे

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यात सगळ्यात जास्त खेकडे फुकट मारले जातात.

कात टाकलेली मऊ कुर्ली तुम्ही हजारदा हातात घेतलीय. जुनं कवच निघालं, नवं अजून पिठासारखं मऊ. शंखखेकडाही कात टाकतो, पण तो हे काम वाळूखाली, भुयारात, काळोखात करतो. लहान खेकडा वर्षातून काही वेळा, मोठा वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी. चार ते आठ आठवडे खाली राहणं नेहमीचं, मोठा असेल तर काही महिनेही. त्या काळात तो स्वतःचं जुनं कवच खातो, त्यातलं कॅल्शियम परत अंगी लावतो. मधे उकरला तर मऊ अंग फाटतं, आणि संपलं.

म्हणून वाळू कमीत कमी सहा इंच खोल हवी, मोठा खेकडा असेल तर त्याच्या उंचीच्या तिप्पट. पाच वाटे वाळू, एक वाटा नारळाचा भुसा, म्हणजे कोकोपीट. पाणी एवढंच घालायचं की मुठीत दाबल्यावर किल्ला बांधता येईल, पण पाणी गळणार नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, क्लोरीन घालवणारं औषध दुकानात मिळतं ते घाला. दोन वाट्या ठेवा, एक गोड पाण्याची, एक खाऱ्याची. खारं पाणी स्वच्छ दर्याचं किंवा मासे पाळायच्या समुद्री मिठाचं. पावसाळ्यात मांडवी, जुवारीच्या तोंडाजवळचं पाणी गोडं झालेलं असतं, ते नको. जेवणातलं मीठ पण नको.

खेकडा खाली असताना दिवा नेहमीसारखाच, १२ तास चालू, १२ तास बंद. वर दुसरे खेकडे असतील तर त्यांना दिवस-रात्र लागते. बाजूच्या काचेतून भुयार दिसत असेल तर तेवढ्या भागाला बाहेरून काळा कागद लावा. विजेरी मारून रोज बघायचं नाही. पोरांना हे समजावून सांगा, त्यांना पटतं.

मेला की नाही हे नाकाने कळतं. खरंच मेला असेल तर काही दिवसांत कुजक्या मासळीचा वास येतो, आणि तो वास आपल्या घरांत कुणाला शिकवायला नको. वास नाही म्हणजे थांबा. वर पडलेला "मेलेला खेकडा" उचलून बघा, पोकळ आणि हलका असेल तर ती कात आहे. फेकू नका, तिथेच राहू दे.

दोन शब्द घेण्याआधी

हे खेकडे टाकीत सहसा वाढवता येत नाहीत. विकायला येणारे जवळजवळ सगळे कुठल्यातरी किनाऱ्यावरून उचललेले असतात. म्हणून हौसेने एकाचे दहा करू नका. आहे त्याला नीट सांभाळा. कंटाळा आला म्हणून दुकानातला खेकडा आपल्या किनाऱ्यावर सोडू नका. तो कुठला आहे, कुठला रोग घेऊन आलाय, आपल्याला माहीत नसतं. सांभाळायचं जमत नसेल तर नीट सांभाळेल अशा दुसऱ्या घरी द्या.

आता त्या मुलीच्या खेकड्याचं. लाल बल्ब त्याच दिवशी काढला. वडिलांनी बोटीची उरलेली एलईडी पट्टी लावली, जाळीच्या झाकणावर काच ठेवली आणि कडेने वाळूवर हलकं पाणी शिंपडलं. टायमर नव्हता, म्हणून आजीने काम अंगावर घेतलं. सकाळी पूजेला उठली की दिवा लावायचा, संध्याकाळी तुळशीत दिवा लावला की टाकीचा घालवायचा. मुलगी रोज विचारायची, "आजी, वास येतो का?" आजी वाकून हुंगायची आणि म्हणायची, "नाही गे, झोपलाय तो."

सहाव्या आठवड्यात एका पहाटे वाळूवर पावलांच्या रेघा दिसल्या, आणि पाण्याची वाटी अर्धी वाळूने भरलेली. खेकडा करवंटीखाली बसला होता, अंगाचा रंग नवा, नांगी चकचकीत. मुलीने दिवा लावायला हात पुढे केला, तर आजीने धरला. म्हणाली, "सात वाजू दे."